राष्ट्रीय वाहतूक आणि दळणवळण मंत्रालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्ता खचला, विमान रद्द झाले, फोन लागेनासा झाला किंवा टपाल गहाळ झाले, की लोक मंत्रालयाला जाब विचारतात. प्रत्यक्षात यांपैकी बहुतेक कामे मंत्रालय स्वतः करत नाही. ती कोणी, कोणत्या नियमाने आणि कोणाच्या पैशाने करायची, हे ते ठरवते. धोरण आखणारा, मालक, नियामक आणि चौकशी अधिकारी या भूमिका वेगळ्या ठेवणे हाच या विषयाचा गाभा आहे, आणि खालील बहुतेक प्रश्न शेवटी तेथेच येऊन पोचतात.

मंत्रालयाचे मूळ काम कोणते?

वाहतूक आणि दळणवळण यांविषयीच्या कायद्यांचे मसुदे तयार करणे, त्यांखालील नियम राजपत्रात प्रसिद्ध करणे, अर्थसंकल्पातून निधी मिळवून तो रस्ते, रेल्वे, बंदरे, विमानतळ आणि दूरसंचार यांत वाटणे, सरकारी मालकीच्या कंपन्यांवर मालक म्हणून लक्ष ठेवणे आणि आंतरराष्ट्रीय करारांत देशाची बाजू मांडणे, ही कामे जवळजवळ सर्वत्र आढळतात. खड्डे बुजवणे, गाड्यांचे वेळापत्रक आखणे किंवा मोबाइलचे मनोरे उभारणे ही कामे अधीनस्थ कार्यालये, महामंडळे, स्थानिक संस्था आणि खासगी कंपन्या करतात.

हे प्रत्यक्षात कसे दिसते, ते रेल्वेच्या एखाद्या फाटकावर उभे राहून पाहता येते. रस्त्याचा डांबरी भाग रस्ते यंत्रणेचा किंवा नगरपालिकेचा असतो आणि रूळ पायाभूत सुविधा सांभाळणाऱ्या संस्थेचे. अनेक देशांत त्यावरून धावणारी गाडी तिसऱ्याच कंपनीची असते, आणि गाडीचालक व नियंत्रण कक्ष ज्या रेडिओवर बोलतात त्याच्या लहरींचा परवाना चौथ्याच कार्यालयाने दिलेला असतो. अपघात झाला की प्रत्येकजण आपापल्या हद्दीचा नकाशा पुढे करतो. फाटक ठेवायचे की भुयारी मार्ग काढायचा, खर्चाचा कोणता वाटा कोणी उचलायचा आणि देशातील हजारो फाटकांपैकी आधी कोणती बंद करायची, हे ठरवण्याचा अधिकार मात्र या चौघांपैकी कोणा एकाला नसतो. मंत्रालय लागते ते तेथे.

वाहतूक आणि दळणवळण एकाच मंत्रालयाखाली का ठेवतात?

याला इतिहास आहे. विल्यम कुक आणि चार्ल्स व्हीटस्टन यांची विद्युत तारयंत्रणा १८३९ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकापासून वेस्ट ड्रेटनपर्यंत टाकली गेली, ती ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या मार्गालगत. रेल्वेला पुढील स्थानकाची खबर हवी होती आणि तारेला सलग, राखलेली जमीन हवी होती. आजही ऑप्टिकल फायबर महामार्गांच्या आणि रुळांच्या कडेने जाते ते याच कारणासाठी. टपालाचे तर बोलायलाच नको. रेल्वे, जहाज आणि विमान यांच्या वाढीला टपालाच्या कंत्राटांनी मोठा हात दिला.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळले तेव्हा जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचा एकमेव रेडिओचालक काही मिनिटांपूर्वीच यंत्र बंद करून झोपायला गेला होता. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. चोवीस तास रेडिओ ऐकत राहण्याचा नियमच तोवर नव्हता. १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्यात रेडिओवर सतत लक्ष ठेवण्याची तरतूद आली. हा नियम जहाजांचा म्हणायचा की रेडिओचा, हे सांगणे अवघड आहे.

अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकेत दूरसंचार नियामकाने ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झ हा रेडिओ लहरींचा पट्टा फाइव्ह-जी सेवेसाठी लिलावात काढला आणि त्यातून ८१ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. विमानांचे रेडिओ उंचीमापक मात्र ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झ या जवळच्या पट्ट्यात चालतात, आणि धुक्यात उतरताना वैमानिक या उंचीमापकावर अवलंबून असतो. परिवहन खात्याखालील विमान वाहतूक प्रशासनाने धोक्याची घंटा वाजवली, पण लिलाव थांबला नाही. सेवेचा प्रारंभ डिसेंबर २०२१ वरून जानेवारी २०२२ मध्ये ढकलावा लागला, काही परदेशी विमान कंपन्यांनी उड्डाणे रद्द केली, धावपट्ट्यांच्या आसपासचे मनोरे काही काळ बंद किंवा मंद ठेवावे लागले आणि उंचीमापकांना शेजारच्या लहरी रोखणाऱ्या गाळण्या बसवण्याचे काम २०२३ पर्यंत चालले. दोन्ही यंत्रणा आपापल्या परीने कायद्यानेच वागल्या होत्या. त्यांना लिलावापूर्वी एका टेबलाशी बसवून निर्णय घ्यायला लावणारे कोणी नव्हते.

सर्व देशांत ही रचना अशीच असते का?

नाही. फिनलंडमध्ये दोन्ही विषय एकाच मंत्रालयाकडे आहेत. फिलिपिन्समध्येही ते एकत्र होते. २०१६ मध्ये परिवहन खाते आणि माहिती व दळणवळण तंत्रज्ञान खाते अशी फाळणी झाली. जपानमध्ये २००१ च्या पुनर्रचनेनंतर वाहतूक जमीन व पायाभूत सुविधांबरोबर गेली, तर दूरसंचार अंतर्गत कारभाराबरोबर. भारतात रस्ते, रेल्वे, नागरी विमान वाहतूक, बंदरे आणि दळणवळण यांना स्वतंत्र मंत्रालये आहेत. अमेरिकेत परिवहन खाते १९६७ पासून काम करते आहे आणि दूरसंचाराची जबाबदारी १९३४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या स्वतंत्र आयोगाकडे आहे.

एकत्र मंत्रालयात समन्वय सोपा होतो, पण ज्या विषयात मंत्र्याला रस नाही तो विषय मागे पडतो. स्वतंत्र मंत्रालयांत प्रत्येक विषयाला वाली मिळतो, पण बंदरापर्यंत महामार्ग तयार आणि रेल्वेचा फाटा मात्र कागदावरच, असे होऊ शकते. दारावरची पाटी कोणती, यापेक्षा वाद कोणाच्या टेबलावर मिटतो याला अधिक महत्त्व द्यावे.

मंत्री आणि सचिव यांत निर्णय कोणाचा?

धोरणाचा निर्णय मंत्र्याचा आणि मोठा असल्यास मंत्रिमंडळाचा. सचिव व त्यांचे अधिकारी पर्याय मांडतात, टिपणी तयार करतात आणि निर्णयाची अंमलबजावणी करतात. एखाद्या विशिष्ट कंपनीचा परवाना किंवा विशिष्ट वाहनाची तपासणी यांसारख्या वैयक्तिक प्रकरणांत मंत्र्याने हात घालू नये, असा संकेत बहुतेक लोकशाही देशांत आहे आणि काही ठिकाणी तो कायद्यातच लिहिला आहे.

नियामक संस्था मंत्रालयापासून वेगळी का असते?

कारण ज्याची कंपनी आहे त्यानेच पंच व्हावे, हे इतर खेळाडूंना मान्य होत नाही. टपाल आणि तारखाते सरकारी मक्तेदारी होते तोवर हा प्रश्न उद्भवत नव्हता: तेच खाते सेवा देई, तेच दर ठरवी आणि तक्रारही तेच ऐके. १९८० च्या दशकात दूरसंचारात खासगी कंपन्या येऊ लागल्यावर ही व्यवस्था टिकणे शक्य नव्हते. ब्रिटनने १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचे समभाग विकले तेव्हा सोबत स्वतंत्र नियामक कार्यालय उभे केले. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या १९९७ च्या दूरसंचार कराराला जोडलेल्या संदर्भपत्रात, नियामक हा कोणत्याही सेवा पुरवठादारापासून वेगळा आणि त्याला उत्तरदायी नसलेला असावा, ही अट आली आणि अनेक देशांनी ती स्वीकारली.

रेल्वेत हाच प्रश्न अधिक किचकट होतो, कारण मोबाइलचे मनोरे चार कंपन्यांना उभारता येतात, पण एकाच मार्गावर चार जणांनी रूळ टाकणे कोणालाच परवडत नाही. म्हणून युरोपीय समुदायाने १९९१ च्या निर्देशाने रुळांचा हिशेब आणि गाड्यांचा हिशेब वेगळा ठेवायला सांगितला. रुळांचे भाडे किती आणि सकाळच्या गर्दीच्या वेळेचा मार्ग कोणत्या कंपनीला, हे वाद नियामकाकडे जातात.

वेगळेपणाचा अर्थ नियामकाने मनाला येईल तसे वागावे असा नाही. उद्दिष्टे कायद्याने ठरतात, अंदाजपत्रकाला संसद मंजुरी देते आणि निर्णयावर लवादात किंवा न्यायालयात दाद मागता येते. नियामक नावापुरता स्वतंत्र आहे की खरोखर, हे ओळखायचे असेल तर अध्यक्षाला मुदतीपूर्वी कोण आणि कोणत्या कारणाने काढू शकतो, ते कलम आधी वाचावे. फिनलंडने २०१९ पासून वाहतूक सुरक्षा आणि दळणवळण या दोन्ही नियामक संस्था एकत्र करून ट्राफिकॉम ही संस्था चालवली आहे, म्हणजे मंत्रालयाप्रमाणे नियामकही जोडता येतो.

अपघाताची चौकशी मंत्रालय का करत नाही?

कारण अपघाताच्या मुळाशी मंत्रालयाचाच नियम, मंत्रालयाचीच ढिली तपासणी किंवा मंत्रालयानेच नाकारलेला निधी असू शकतो. अमेरिकेतील राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळ १९६७ मध्ये सुरू झाले तेव्हा प्रशासकीयदृष्ट्या परिवहन खात्याला जोडलेले होते. ज्या खात्याच्या कारभारावर बोट ठेवायचे त्याच खात्यात बसून ते ठेवता येत नाही, हे लक्षात आल्यावर १९७४ च्या कायद्याने ते खात्याबाहेर काढले गेले.

विमान अपघातांबाबत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराचे तेरावे परिशिष्ट लागू होते. चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा दायित्व ठरवणे हा नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत द्यावा, अशी अपेक्षा आहे. अंतिम अहवालाला उशीर झाला की लोकांना संशय येतो आणि कधी तो रास्तही असतो. पण अवशेष गोळा करणे, नोंदयंत्रांतील माहिती उलगडणे आणि उत्पादक देशाच्या तज्ज्ञांचे म्हणणे नोंदवणे यांना वेळ लागतोच. पोलिसांचा गुन्ह्याचा तपास यापासून स्वतंत्र चालतो. दोन्ही एकत्र केल्यास, आपल्या तोंडून निघालेले वाक्य उद्या आपल्याच विरुद्ध वापरले जाईल या भीतीने वैमानिक, गाडीचालक आणि तंत्रज्ञ खरे बोलत नाहीत.

चौकशी मंडळ शिफारस करते, सक्ती करू शकत नाही. अमेरिकेत परिवहन सचिवाला अशा शिफारशीवर ९० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते आणि शिफारस नाकारली तर कारणे सांगावी लागतात. सक्ती नसूनही ही पद्धत चालते ती या लेखी उत्तरामुळे.

शहरे आणि प्रांत निर्णय घेऊ शकत असताना राष्ट्रीय मंत्रालय कशासाठी?

ऑस्ट्रेलियाने याची किंमत मोजली आहे. १९०१ मध्ये संघराज्य होण्यापूर्वी तेथील वसाहतींनी आपापल्या मर्जीने रेल्वे बांधली: न्यू साउथ वेल्सने रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर ठेवले, व्हिक्टोरियाने १६००, तर क्वीन्सलँड आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाने १०६७. परिणामी सिडनीहून मेलबर्नला जाणाऱ्या प्रवाशाला सीमेवरील ऑलबरी स्थानकात सामानासह उतरून फलाटाच्या दुसऱ्या बाजूच्या गाडीत बसावे लागे, आणि मालाची प्रत्येक गोणी हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्यात जाई. हे १९६२ पर्यंत चालले. सिडनी ते पर्थ सलग एकाच अंतराचा मार्ग व्हायला १९७० उजाडले. प्रत्येक वसाहतीचा निर्णय तिच्यापुरता शहाणपणाचाच होता.

रुळांची रुंदी, रस्त्याची बाजू, दूरध्वनी क्रमांकांची रचना आणि विद्युत वाहनांचे चार्जिंग जोड यांसारख्या बाबींत एकदा चुकीची निवड झाली की ती दोन-तीन पिढ्या फिरत नाही. असे विषय राष्ट्रीय पातळीवर ठरवावेत आणि बसथांबा कोठे असावा हे शहरावर सोपवावे. मंत्रालयांना याच्या उलट करण्याचा मोह होतो, हे खेदाने नमूद करावे लागते. बसथांब्याचे उद्घाटन करता येते, मानकाचे करता येत नाही.

या सगळ्याला पैसा कोठून येतो?

सर्वसाधारण कर, इंधनावरील कर, वाहन कर, पथकर, परवाना शुल्क, लहरींच्या लिलावाची रक्कम आणि कर्ज, हे प्रमुख मार्ग आहेत. काही देशांत इंधनकराचा ठरावीक भाग रस्ते निधीत थेट जमा होतो. अर्थखात्याला हे आवडत नाही, कारण त्या रकमेवर त्याचा हात राहत नाही.

इंधनकराचा पाया आता खचतो आहे. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी १० पैकी जवळजवळ ९ पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या होत्या. रस्ता झिजवणारे वाहन आहे, पण पंपावर कर भरणारा ग्राहक नाही, अशी ही स्थिती आहे. न्यूझीलंडने १ एप्रिल २०२४ पासून विद्युत मोटारींना प्रवासाच्या किलोमीटरवर आधारित रस्ता शुल्क लागू केले. डिझेल वाहनांना असे शुल्क तेथे आधीपासूनच होते. इतर देशांनाही हा मार्ग आज ना उद्या धरावा लागेल. शुल्क किती, यापेक्षा वाहन कोठे गेले याची नोंद सरकारकडे राहते का, यावर अधिक वाद होणार आहे.

निधीच्या बाबतीत जुने दुखणे वेगळेच आहे: नवा पूल बांधायला पैसे सापडतात, जुन्या पुलाच्या देखभालीला सापडत नाहीत. मंत्रालयाचे अंदाजपत्रक वाचताना प्रथम देखभाल-दुरुस्तीची ओळ पाहावी.

तोट्यात चालणारी सेवा सरकारने का चालू ठेवावी?

दुर्गम बेटावरची फेरी बोट, छोट्या गावाची रेल्वे किंवा डोंगराळ भागातील मोबाइल सेवा केवळ नफ्यावर सोडली तर ती बंद पडेल. त्यासाठी मंत्रालय सेवेची किमान पातळी ठरवते आणि त्या पातळीला लागणारी तूट निविदेद्वारे भरून देते. अमेरिकेने १९७८ मध्ये विमान वाहतुकीवरील निर्बंध उठवले तेव्हाच, लहान गावांची विमानसेवा तुटू नये म्हणून अनुदानाची योजना आणली. ती आजही चालू आहे. फिनलंडने जुलै २०१० पासून सेकंदाला १ मेगाबिट वेगाची ब्रॉडबँड जोडणी हा प्रत्येक नागरिकाचा कायदेशीर हक्क केला आणि असे करणारा तो पहिला देश ठरला. तेव्हा हा वेग पुरेसा वाटला. पुढे तो वाढवावा लागला.

किमान पातळी कमीही करावी लागते. डेन्मार्कमध्ये पत्रे इतकी घटली की २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने टपाल कंपनीवरील सार्वत्रिक सेवेचे, म्हणजे देशात सर्वत्र पत्रे पोचवण्याचे, बंधन काढून टाकले, आणि पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रवाटप थांबवण्याची घोषणा केली. संगणक न वापरणाऱ्या वृद्धांचे काय, हा प्रश्न त्यामुळे टपालखात्याकडून उचलून इतर खात्यांच्या पदरात टाकला गेला.

रेडिओ लहरींचा मालक कोण?

बहुतेक देशांच्या कायद्यांत लहरी ही सार्वजनिक संपत्ती मानली जाते आणि सरकार तिचे विश्वस्त असते. कोणता पट्टा कशासाठी, याची जागतिक चौकट दर तीन-चार वर्षांनी भरणाऱ्या जागतिक रेडिओ दळणवळण परिषदेत ठरते. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा वैमानिक आणि नियंत्रण मनोरा यांच्या संभाषणाचा पट्टा जगभर सारखा आहे तो त्यामुळेच.

पट्टे देण्यासाठी लिलाव ही पद्धत आता रूढ आहे. ब्रिटनने २००० मध्ये थ्री-जीच्या पाच परवान्यांतून साडेबावीस अब्ज पौंड मिळवले. त्याच वर्षी जर्मनीतील लिलावाने तर युरोपातील सर्व अंदाज ओलांडले. पुढील काही वर्षे अनेक दूरसंचार कंपन्या कर्जाखाली दबल्या आणि जाळे उभारणीचे वेळापत्रक लांबले. लिलाव वाईट नाही, वशिल्याने परवाने वाटण्यापेक्षा तो केव्हाही बरा; पण अर्थखात्याची तूट भरण्याचे साधन म्हणून त्याकडे पाहिले की त्याची किंमत शेवटी जाळे न पोचलेल्या गावांना चुकवावी लागते. अमुक मुदतीत अमुक टक्के लोकसंख्येपर्यंत सेवा पोचवलीच पाहिजे, ही परवान्यातील अट लिलावाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची असते आणि वर्तमानपत्रांत तिच्याविषयी क्वचितच वाचायला मिळते.

आंतरराष्ट्रीय संस्थांशी मंत्रालयाचा संबंध काय?

देशाचे बहुतेक तांत्रिक नियम देशाबाहेरच तयार होतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ १८६५ मध्ये पॅरिसमध्ये तारयंत्रणेसाठी स्थापन झाला, जागतिक टपाल संघ १८७४ मध्ये बर्नमध्ये. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाचे आपल्या हवाई हद्दीवरील संपूर्ण सार्वभौमत्व मान्य केले, आणि त्यामुळेच विमान कंपन्यांना परदेशी उड्डाणासाठी दोन सरकारांमधील करार लागतो. जहाजांचे नियम लंडनस्थित आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत ठरतात. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली गेली ती तेथेच. मंत्रालयाचा प्रतिनिधी अशा बैठकीत तयारीने गेला नाही, तर इतरांनी ठरवलेला नियम काही वर्षांनी देशाच्या राजपत्रात जसाच्या तसा छापावा लागतो.

रस्त्यांवरील मृत्यू कमी करणे हे मंत्रालयाचे काम की चालकाचे?

दोघांचे, पण जबाबदारीची वाटणी गेल्या काही दशकांत बदलली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ११ लाख ९० हजार लोक रस्त्यांवर मरण पावले. पूर्वीचा दृष्टिकोन चालकाला शिस्त लावण्याचा होता आणि त्यानेही जीव वाचले: ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये जगात प्रथम सीटबेल्ट बांधणे सक्तीचे केले. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या शून्य मृत्यू धोरणाने प्रश्न उलटा मांडला. माणूस चुकणारच, त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू ठरू नये अशी रस्त्याची रचना करणे हे रस्ता बांधणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्यातून ओव्हरटेक करण्याची मार्गिका आलटून पालटून दोन्ही दिशांना देणारे आणि मध्ये तारेचा कठडा असलेले तीन पदरी रस्ते आले. समोरासमोरची धडक त्यांवर जवळपास अशक्य होते, आणि चौपदरी महामार्गाच्या तुलनेत खर्चही बराच कमी येतो.

लोकमत विरोधात असताना मंत्रालय निर्णय घेऊ शकते का?

कायद्याच्या चौकटीत घेऊ शकते. स्वीडनमध्ये १९५५ च्या सार्वमतात ८३ टक्क्यांच्या आसपास मतदारांनी रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवण्याची पद्धत कायम ठेवावी असा कौल दिला. शेजारचे नॉर्वे आणि फिनलंड उजव्या बाजूने चालत होते आणि स्वीडनमधील बहुतेक मोटारींचे सुकाणूही डावीकडेच, म्हणजे उजव्या बाजूने चालवायला सोयीचे होते. संसदेने १९६३ मध्ये बदलाचा निर्णय घेतला आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता सर्व वाहने उजवीकडे वळली. मधली चार वर्षे नवे फलक झाकून उभे करणे, बसगाड्यांची दारे दुसऱ्या बाजूला बसवणे आणि लोकांना शिकवणे यांत गेली. सार्वमत डावलणे योग्य होते का, यावर मतभेद असू शकतात. तयारीला दिलेल्या वेळेबद्दल मात्र नसावेत.

आपत्तीच्या वेळी मंत्रालय काय करते?

१५ जानेवारी २०२२ रोजी समुद्रातील ज्वालामुखीच्या उद्रेकाने टोंगा आणि फिजी यांना जोडणारी समुद्राखालील एकमेव केबल तुटली आणि संपूर्ण देशाचा जगाशी संपर्क जवळजवळ बंद झाला. त्याच वेळी राजधानीच्या विमानतळाची धावपट्टी राखेने झाकली गेली होती. ती लोकांनी झाडू आणि फावड्यांनी, हाताने साफ केली आणि पाचव्या दिवशी मदतीची पहिली विमाने उतरली. केबल दुरुस्त करणारे जहाज पापुआ न्यू गिनीहून यावे लागले. सेवा पूर्ववत व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. पर्यायी केबल, उपग्रह जोडणीचा राखीव करार, मनोऱ्यांसाठी बॅटऱ्या आणि डिझेलचा साठा, कोणता रस्ता प्रथम मोकळा करायचा याचा क्रम, ही कामे संकटापूर्वीच करावी लागतात. मदतकार्याचे नेतृत्व सहसा दुसऱ्या खात्याकडे असते.

सरकार इंटरनेट बंद करू शकते का?

तांत्रिकदृष्ट्या, होय. सेवा कंपन्यांच्या परवान्यांत बहुधा आणीबाणीच्या वेळी सरकारचा आदेश पाळण्याची अट असते. इजिप्तमध्ये जानेवारी २०११ च्या अखेरीस देशभरातील इंटरनेट सुमारे पाच दिवस बंद होते. असा आदेश देण्याचा अधिकार अनेक देशांत गृह किंवा सुरक्षा यंत्रणेकडे असतो आणि दळणवळण मंत्रालय तो कंपन्यांपर्यंत पोचवते. आदेश लेखी असावा, मुदतबंद असावा, प्रसिद्ध व्हावा आणि न्यायालयात आव्हान देता यावा, या अटी कायद्यात आहेत की नाहीत हे नागरिकांनी शांततेच्या काळात तपासावे.

तक्रार कोठे करावी आणि नियम बनताना आपले म्हणणे कसे मांडावे?

सेवेविषयीची तक्रार प्रथम सेवा देणाऱ्या कंपनीकडे किंवा कार्यालयाकडे लेखी करावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास नियामकाकडे किंवा तक्रार निवारण प्राधिकरणाकडे जावे. सुरक्षिततेचा धोका दिसल्यास थेट सुरक्षा नियामकाला कळवावे. अनेक देशांत विमान कर्मचाऱ्यांसाठी नाव गुप्त ठेवून कळवण्याची सोय आहे. मंत्रालयाकडे थेट पाठवलेले अर्ज बहुधा याच कार्यालयांकडे वर्ग होतात आणि त्यात काही आठवडे जातात.

धोरण किंवा नियम मात्र मंत्रालयाचाच विषय आहे. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी मुदत दिलेली असते. या मुदतीत कंपन्या आणि त्यांच्या संघटना सविस्तर निवेदने देतात. प्रवासी, पादचारी आणि सामान्य ग्राहक बहुधा काहीच पाठवत नाहीत. निवेदन लांब असण्याची गरज नाही. मसुद्यातील कलमाचा क्रमांक लिहावा, त्या कलमामुळे प्रत्यक्षात काय घडेल ते दोन-तीन वाक्यांत सांगावे आणि बदललेला मजकूर कसा असावा तो सुचवावा. टिपणी तयार करणाऱ्या अधिकाऱ्याला पाच पानांच्या संतापापेक्षा सुचवलेले एक वाक्य अधिक उपयोगी पडते, कारण ते त्याला मसुद्यात थेट उतरवता येते.